मामाच्या खिशातला रोलर

मी एक जुना रोलर आहे. रस्ते दाबत फिरणारं ते अवाढव्य धूड डोळ्यांसमोर आणू नका, मित्रांनो. तुमच्या करंगळीच्या नखावर आडवा मावेन एवढाच मी, पोलादाचा एक दांडुका. मूर्ती लहान पण कीर्ती महान, ही म्हण कुणी केली ते मला ठाऊक नाही, पण करताना त्याच्यासमोर माझ्यासारखाच कुणीतरी असणार. हसताय? हसा. एक अख्खी मोटारसायकल कित्येक वर्षं माझ्या जिवावर सुरू होत होती, आणि हे मी नाही म्हणत, तिचा मेकॅनिक म्हणतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. लांबलचक सळईतून मला कापलं, लालभडक होईपर्यंत तापवलं आणि तेलात बुडवलं. मग दगडावर घासून घासून असं गुळगुळीत केलं की बोट ठेवलं तर निसटावं. शेवटी तपासणारी बाई होती. ती आम्हा सगळ्यांना काचेच्या तिरक्या पाटीवरून सोडायची. जो वाकडा जाईल तो भंगारात. मी नाकासमोर सरळ गेलो. तिने मला उचललं, उजेडाकडे धरलं आणि काही न बोलता चांगल्यांच्या खोक्यात टाकलं. तिचं ते न बोलणं मी अजून विसरलेलो नाही.

तिथून माझी रवानगी एका लहानशा मोटारसायकलच्या पोटात झाली. इंजिनाच्या बाजूला मॅग्नेट नावाचं जड, गोल चाक असतं. त्याच्या पाठीवर एक पोलादी घर असतं, त्याला स्टार्टर क्लच म्हणतात. त्या घरात तीन खोल्या. तिन्ही एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला निमुळत्या. एकेका खोलीत आम्ही एकेक भाऊ, आणि प्रत्येकाच्या पाठीशी एक बारीक स्प्रिंग. आमच्या मधोमध एका दातेरी चाकाचा गुळगुळीत गळा बसलेला.

आता काम ऐका. बटण दाबलं की गाडी सुरू होते असं तुम्हाला वाटतं. बटणाला विचाराल तर तेही छाती फुगवून हेच सांगेल. पण बटण फक्त मोटरला उठवतं. मोटर दातेरी चाकाला फिरवते. त्या चाकाचा गळा फिरला की आम्ही तिघं निमुळत्या बाजूला सरकतो आणि त्याला असं गच्च धरतो की चाकाबरोबर मॅग्नेट फिरतं आणि मॅग्नेटबरोबर इंजिन. इंजिन धडधडायला लागलं की लगेच आम्ही रुंद बाजूला येतो आणि सोडून देतो. सोडलं नाही तर धावतं इंजिन बिचाऱ्या मोटरलाच फरफटत नेईल आणि तिचा चुराडा होईल. म्हणजे धरायचं आणि सोडायचं, एवढंच काम. धरणं कुणालाही जमतं हो. वेळेवर सोडण्याला अक्कल लागते.

तुम्ही म्हणाल, तेलात आणि अंधारात बसून तुला जगाचं काय कळणार? निम्मं मी ऐकलं. पोलादाला कान फार चांगले असतात. उरलेलं पुढे मामाकडून, म्हणजे त्याच मेकॅनिककडून, कळलं, कारण मामा ही गोष्ट दिसेल त्याला सांगत असतो. त्याने लावलेलं तिखटमीठ मी काढलं आहे. माझं थोडं घातलं आहे.

तर ही गाडी ताईची. ताई रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती. ज्यांना घराबाहेर पडणं जमत नाही त्यांच्या घरी जाऊन रक्ताचे नमुने आणायचे, हे तिचं काम. सकाळी उपाशीपोटी वाट बघत बसलेले म्हातारे, नुकत्याच बाळंत झालेल्या बायका, पलंगाला खिळलेले लोक. गाडी बंद, जिना वर, सुई, जिना खाली, गाडी चालू. पुढचं घर. इतर गाड्यांचे रोलर दिवसाकाठी एकदोनदा उठतात आणि उरलेला दिवस लोळतात. आम्हाला उसंत नव्हती, आणि खरं सांगू, आम्हाला ती नकोच होती. आपल्यामुळे कुणाची तरी सकाळ वेळेवर सुरू होते, हे कळण्यात एक मजा असते.

ताईच्या हाताला यश होतं. ज्यांची शीर कुणालाच सापडत नाही असे लोक तिलाच मागायचे. शहराच्या पलीकडच्या टोकाला एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक आजोबा राहायचे. त्यांच्या शिरा दोऱ्यासारख्या बारीक, त्यात सरकणाऱ्या. दुसरं कुणी गेलं तर ते हात पांघरुणाखाली घालून बसायचे. ताई गेली की स्वतःच बाही वर करायचे.

पण ताईचा उजवा गुडघा अधू होता. जिन्यावरून पडून तो दुखावला होता आणि त्यावर शस्त्रक्रिया झाली होती. चालायला, जिने चढायला, गाडी चालवायला हरकत नव्हती. मात्र डॉक्टरांनी बजावलं होतं, झटका द्यायचा नाही, किक मारायची नाही, गाडी ढकलायची नाही. म्हणजे ताईचं सगळं काम त्या एका बटणावर, आणि बटणाचं सगळं काम आम्हा तिघांवर. आता कळलं का मी मान ताठ करून का बोलतो?

ताई तिच्या आईबरोबर राहायची. घराला लागूनच मामाचं गॅरेज. मामा म्हणजे आईचा थोरला भाऊ. हात सोन्याचे आणि जीभ त्याहून लांब. त्याच्या हाताखालून गेलेली गाडी पुन्हा रडत आली नाही, हे तो स्वतःच सांगायचा, त्यामुळे वेगळा साक्षीदार लागायचा नाही. गल्ली त्याला बॅटरीमामा म्हणायची. कारण कुठलीही गाडी बंद पडून आली की मामा टायरला लाथ मारून पहिला शब्द काढायचा तो "बॅटरी." दिवा मिणमिणतोय? बॅटरी. हॉर्न घोगरा झालाय? बॅटरी. शेजारचा वेल्डर म्हणायचा की मामाच्या ओळखीत कुणाचं लग्न मोडलं तरी मामा आधी बॅटरी बघेल.

एकदा ताई घरी येऊन म्हणाली की दुपारच्या उन्हात नमुने गरम होतात, फार जपावं लागतं. झालं. मामाला निमित्त मिळालं. त्याने पत्र्याची पेटी घेतली, आतून थर्माकोल लावला, भंगारातल्या एका यंत्राची थंड होणारी पट्टी आणि छोटा पंखा बसवला आणि ती पेटी गाडीच्या मागच्या सीटवर आवळली. ताई वर जिन्यात असताना गाडी बंद असते, तेव्हाही पेटी थंड राहायला हवी. म्हणून त्याने किल्लीला वळसा घालून तिची वायर सरळ बॅटरीला जोडली. किल्ली काढा, खिशात टाका, पेटी आपली घूं घूं करत थंडच.

सगळी गल्ली बघायला आली. मामाने पेटीत हात घालायला लावून प्रत्येकाकडून वा म्हणवून घेतलं.

"भाचीसाठी केलंय," तो म्हणाला. "कंपनीवाल्यांना नाही सुचलं ते."

आईने चहा आणला. ती हसून म्हणाली, "दादा, आता जरा खाली ये. तुझं डोकं छताला लागेल."

मला त्या दिवशी आत बसून कौतुकच वाटलं. घरात एकाने दुसऱ्यासाठी काही केलं की गाडीलाही बरं वाटतं.

पण थोड्याच दिवसांत मला एक नवी गोष्ट जाणवायला लागली. संध्याकाळी ताई पेटी बंद करायची, घरी येईतो बॅटरी पुन्हा भरायची, म्हणून सकाळी मोटर जोरात उठायची. दुपार व्हायला आली की तिचा आवाज पेंगुळायचा. बॅटरीचं रक्त ती पेटी पीत होती ना. मोटर इंजिनाला अर्ध्यापर्यंत ढकलायची आणि तिचा दम संपायचा. मग इंजिनच उलटं फिरायचं. आणि त्या उलट्या फिरण्याचा सगळा दणका कुणावर? ज्यांनी गच्च धरून ठेवलं आहे त्यांच्यावर. ठक.

ताई बाहेर ऐकायची तो एवढासा आवाज, आतमध्ये घण पडायचा. आणि मी सोडू शकत नव्हतो, कारण इंजिन सुरू झालेलं नसताना सोडणं हे माझ्या रक्तात नाही. मी धरून राहिलो. रोज दुपारी ठक, ठक. आधी माझी स्प्रिंग वाकली, मग आखडली. पाठीवर तिचा रेटा उरला नाही. एकाच जागी मार खाऊन माझ्या एका अंगाला सपाटपणा आला. काचेच्या पाटीवरून सरळ गेलेला मी, मला आता घरंगळताही येईना. मित्रांनो, झिजण्याचं मला दुःख नाही. काम करणारा झिजतोच. पण न सांगता येण्याचं फार वाईट असतं.

आणि मग तो शुक्रवार आला. ताई त्या आजोबांचं रक्त घेऊन खाली उतरली. बटण दाबलं. मोटर फिरली, दातेरी चाक फिरलं, त्याचा गळा आमच्या मधून सुर्र करून निसटला. इंजिन ढिम्म. घर्रर्र असा नुसता पोकळ आवाज. तिने पुन्हा दाबलं. मी सगळा जीव एकवटून धरायला गेलो आणि सपाट अंगावर घसरलो. माझ्या दोन्ही भावांचं तेच. ताईने बटणावरचा अंगठा काढला आणि इकडेतिकडे बघितलं. रस्त्यावर कुणी नव्हतं. किक तिला मारायची नव्हती, ढकलायचं नव्हतं. शेवटी एका भाजीवाल्याने हातगाडी बाजूला लावली आणि त्याने धक्का मारून गाडी सुरू करून दिली. तोवर बॅटरी बसलेली, पेटीतला पंखा कधीच थांबलेला, नमुना उन्हात तापून वाया गेलेला.

प्रयोगशाळेच्या मॅडम वाईट नव्हत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "म्हाताऱ्या माणसाला पुन्हा टोचावं लागणार. सोमवारी सकाळी. तुझी गाडी धड असेल तर तू जा. नाहीतर दुसऱ्या मुलाला पाठवते, आणि तू सोमवारपासून कायमची काउंटरवर बस. रोज उठून अशी काळजी मला नको."

ताई घरी आली ती डोळे पुसतच. काउंटरचं दुःख होतंच, पण तिला लागलं होतं ते वेगळंच. "माझ्यामुळे त्यांना दोनदा टोचणार, आई. आणि दुसरा कुणी गेला तर चारदा. ते हातच बाहेर काढायचे नाहीत."

आई म्हणाली, "बरंच झालं की. सावलीत बसशील. त्या गुडघ्याची मला रोज भीती." पण तिने हे म्हणताना ताईकडे बघितलं नाही.

मामाने टायरला लाथ मारली. "बॅटरी."

त्याने संध्याकाळीच नवीकोरी बॅटरी बसवली. बटण दाबलं. मोटर दुप्पट जोमाने फिरली आणि इंजिन दुप्पट ढिम्म राहिलं. तिसऱ्या प्रयत्नाला आम्ही कसंबसं धरलं आणि गाडी सुरू झाली. मामाने विजयी वीरासारखी मिशी पिळली. शनिवारी सकाळी ताईने फेरीला जायच्या आधी बटण दाबलं आणि पुन्हा घर्रर्र. ती फेरी रिक्षाने करावी लागली. मग मामाने मोटर उघडली, तिच्यात वीज पोचवणारे कार्बनचे ठोकळे बदलले, पुसली, लखलखीत केली. परत बसवली. घर्रर्र. याला म्हणतात आजार रेड्याला आणि औषध पखालीला. मी आत बोंबलत होतो, अरे बाबा, इकडे बघ, आम्ही मधले आजारी आहोत. पण बोंबलून उपयोग काय, तोंडच नाही.

ताई दुपारी परत आली तेव्हा मामा स्टुलावर बसून मोटरला शिव्या देत होता. ती म्हणाली, "मामा, एक किक मारून बघ ना."

त्याने मारली. गाडी पहिल्याच किकेला सुरू झाली आणि मांजरासारखी गुरगुरायला लागली.

"म्हणजे इंजिन ठणठणीत," ताई म्हणाली. "आणि मोटर?"

"मोटर माझ्या हातची आहे. तिला काय होतंय?"

"मग आमच्याकडे असं होतं तेव्हा मी काय करते सांगू? सुई चांगली आहे. अंगात रक्त आहे. तरी नळीत थेंब येत नाही. तेव्हा समजायचं, शीर सरकतेय. सुई लागतेय पण शीर धरून राहत नाहीये. मामा, इथे मधलं कोणीतरी सरकतंय."

मामा स्टुलावरून उठला. त्याने इंजिनाच्या बाजूचं छोटं गोल झाकण काढलं. आत मॅग्नेटचा मोठा नट दिसतो. "दाब बटण," तो म्हणाला आणि वाकून बघत राहिला. मोटर घरघरली. नट केसभरही हलला नाही.

"क्लच," मामा म्हणाला. "स्टार्टर क्लच घसरतोय." आणि मग हळू आवाजात, "काल संध्याकाळी हेच करायला हवं होतं."

मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. कुणीतरी आमचं नाव घेतलं होतं.

मग सुरू झालं खरं काम. मामाच्या गॅरेजचा एक नियम होता. इंजिन उघडायचं तर आधी जमिनीवर धुतलेली पांढरी चादर अंथरायची. मळकं फडकं चालायचं नाही. चादरीवर पडलेली बारीकशी स्प्रिंगही दिसते, असं त्याचं म्हणणं. ताईने नमुन्यांच्या नळ्या उभ्या ठेवायचा आपला जुना स्टँड आणला आणि निघणारा प्रत्येक स्क्रू ज्या क्रमाने निघाला त्या क्रमाने त्याच्या भोकात उभा केला. इंजिन ऑइल परातीत उतरलं, झाकण सुटलं, आणि कित्येक वर्षांनी आमच्या अंगावर उजेड पडला.

मॅग्नेटचा नट सोडायचा तर मॅग्नेट धरून ठेवावं लागतं, नाहीतर सगळंच फिरतं. ते धरायचं मामाचं अवजार कुणीतरी नेलेलं परत आलं नव्हतं. शेजारचा वेल्डर दारातून म्हणाला, "दोन हातोडे घाल, निघेल बाहेर."

"मॅग्नेट आहे ते, अक्रोड नव्हे," मामा म्हणाला.

तेवढ्यात आई आतून मामाचा जुना कातडी पट्टा घेऊन आली. तिने तो मॅग्नेटभोवती वेढला, दोन्ही टोकं मुठीत पिळली आणि पाय रोवून बसली. जन्मभर ओल्या चादरी पिळलेले हात ते. मामाने पान्याला जोर दिला. मॅग्नेट तसूभर हललं नाही, नट मात्र कुरकुरत सुटला.

मामाने तिच्याकडे बघितलं. "तुला तर ती काउंटरवर बसलेली हवी होती."

"हवीच आहे," आई पट्टा न सोडता म्हणाली. "पण तिला वाटेल तेव्हा. गाडीने अडवलं म्हणून नको."

मग पुलर लावून मामाने मॅग्नेट अलगद ओढून काढलं आणि उलटं करून चादरीवर ठेवलं. आम्ही तिघं वर. त्याने दातेरी चाक आमच्या मधोमध बसवून हाताने फिरवलं. खरं तर ते एका बाजूला फिरायला हवं आणि दुसऱ्या बाजूला अडायला हवं. ते दोन्हीकडे फिरलं, लाज नसल्यासारखं. मामाने चाकाच्या गळ्यावरून नख फिरवलं. तो गुळगुळीत होता, ओरखडा नव्हता, नाहीतर तोही बदलावा लागला असता. मग त्याने चिमट्याने आम्हाला एकेक करून बाहेर काढलं. भावांची अंगं खरचटलेली होती. माझी स्प्रिंग तुटून तिचे दोन तुकडे झाले होते, आणि मी असा सपाट की मामाने मला तळहातावर ठेवलं तर मी जागचा हललो नाही.

तो बराच वेळ मला उलटंपालटं करून बघत होता. "पोलाद इतक्यात असं होत नाही," तो म्हणाला. "हा झिजलेला नाही. याला कुणीतरी मारलंय." मग ताईला विचारलं, "सुरू करताना कधी ठक असा आवाज यायचा?"

"यायचा. दुपारी."

"कधीपासून?"

ताईला माहीत होतं. मला माहीत होतं. मागच्या सीटवर ती पेटी बसली होती, तिलाही माहीत असावं. ताई स्टँडमधला एक स्क्रू उगाच काढून परत ठेवत म्हणाली, "नक्की नाही आठवत."

मामाने मान वर केली. त्याने पेटीकडे बघितलं, मग पेटीतून निघून सरळ बॅटरीकडे गेलेल्या त्या दोन वायरींकडे बघितलं. वेल्डर दारातच उभा होता. आई उभी होती. अशा वेळी मामा काहीही म्हणू शकला असता. कंपनीचा माल खराब, ऊन फार, पोरगी बटण फार दाबते. काहीही खपलं असतं, कारण त्याचं बोलणं गल्लीत चालायचं.

"पेटी बसवल्यापासून," मामा म्हणाला. "बॅटरी दुपारपर्यंत रिकामी व्हायची. मोटर कमी पडायची. इंजिन उलटं लाथ मारायचं, ती लाथ या एवढ्याशा जिवाने खाल्ली." त्याने मला मुठीत धरलं. "मी काय करून बसलो बघ. रक्त थंड ठेवायला गेलो आणि पोरीची गाडीच थंड केली."

आयुष्यभर सगळ्यांच्या गाड्यांत बॅटरी शोधणारा माणूस, आणि या एका गाडीत खरोखरच मूळ कारण बॅटरी होती, तर तिला त्यानेच रिकामं केलं होतं. वेल्डर हसला नाही, हे त्याचे उपकार.

आई म्हणाली, "दादा, चहा घेतोस ना?"

ताई त्याच्या शेजारी चादरीवर बसली. "मामा, पेटी मला हवी आहे. थर्माकोल चांगला आहे तिचा. फक्त वायर काढ. मी प्रयोगशाळेतून गोठवलेल्या पिशव्या आणेन, त्या दुपारपर्यंत टिकतात."

मामाने वायर काढली. कापली नाही, नीट सोडवून गुंडाळून फळीवर ठेवली. मग तो सुट्या भागांचं दुकान बंद व्हायच्या आत जाऊन तीन नवे रोलर, तीन स्प्रिंगा आणि स्प्रिंगांच्या टोकाला बसणाऱ्या टोप्या घेऊन आला. रविवारी सगळं बसवलं. मी टेबलावरून बघत होतो. पोरं चांगली होती, चकचकीत, थोडी गर्विष्ठ. गर्विष्ठ असायलाच हवीत. दातेरी चाक एका बाजूला फिरलं, दुसऱ्या बाजूला ठाम अडलं. ताईच्या स्टँडमधून स्क्रू उलट्या क्रमाने परत गेले आणि शेवटी एकही उरला नाही. एकही न उरणं ही मामाच्या गॅरेजमधली तशी नवलाची गोष्ट.

सोमवारी सकाळी मामा म्हणाला, "मीही येतो." ताईने काही विचारलं नाही. मामा पेटीच्या पुढे अंग चोरून तिच्या मागे बसला. निघताना त्याने मला टेबलावरून उचललं आणि शर्टाच्या खिशात टाकलं. का, ते त्यालाच माहीत.

दर घरी ताई वर जायची आणि मामा खाली गाडीजवळ उभा राहायचा, दवाखान्याबाहेर नातेवाईक उभे राहतात तसा. ती खाली आली, बटण दाबलं की तो डोळे मिटायचा. गाडी सुरू व्हायची, तो डोळे उघडायचा. शेवटी आजोबांची इमारत आली. ऊन चढलं होतं. हीच ती वेळ, हीच ती जागा. ताई बराच वेळ वर होती. खाली उतरली तेव्हा तिच्या चेहऱ्यावरून कळलं की एकाच टोचण्यात काम झालं होतं. तिने नळी थंड पिशव्यांमध्ये ठेवली, पेटीचं झाकण लावलं आणि अंगठा बटणावर ठेवला.

मी खिशात होतो आणि मामाचं काळीज माझ्या पाठीला लागून धडधडत होतं. बटण दाबलं गेलं. मी ऐकलं. मोटर उठली, पोरांनी धरलं, गच्च. इंजिन धडधडलं आणि लगेच, अगदी बरोबर क्षणाला, त्यांनी सोडलं. बाहेरच्या कुणाला ते ऐकू येत नाही. मला आलं. तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून आजोबांनी बाही अजून वरच असलेला हात हलवला. मला तेव्हा वाईट वाटलं का? वाटलं थोडं. माझी जागा होती ती. पण त्याहून जास्त मला अभिमान वाटला. इतकी वर्षं आम्ही आत काय करत होतो, ते मी पहिल्यांदाच बाहेर उभं राहून ऐकत होतो, आणि ते फार सुंदर होतं.

ताई अजून फेरीवर जाते. काउंटरवर दुसरं कुणीतरी बसतं.

मित्रांनो, तुमच्या घरातली गाडी असो, पंखा असो, नाहीतर माणूस असो, आवाज बदलला तर ऐका. घरघर आली की पुन्हा पुन्हा बटण दाबत बसू नका. ठक असा आवाज आला तर तो कुणाच्या तरी पाठीवर पडतोय असं समजा, आणि कुणाच्या ते शोधा. आत बसलेल्याला तोंड नसतं.

माझं म्हणाल तर मी मजेत आहे. भंगारात गेलो नाही. शर्ट बदलला की मामा आधी मला नव्या खिशात टाकतो, मग चष्मा. परवा एक दूधवाला आला. त्याने ताईच्या गाडीवरची पेटी बघितली आणि म्हणाला, "मामा, मलाही अशी पेटी बसवून द्या. आणि ऐकलंय तुम्ही ती विजेवर थंड करता. कंपनीवाल्यांनाही नाही सुचलं म्हणे."

मामाची मान ताठ झाली. छाती पुढे आली. तोंड उघडलं. आणि त्याचा हात आपोआप खिशात गेला. त्याचं बोट माझ्या सपाट अंगावर टेकलं आणि तिथेच थांबलं.

"बस," तो दूधवाल्याला म्हणाला आणि त्याने स्टूल पुढे सरकवलं. "आधी मला सांग, दुपारी गाडी सुरू करताना तिचा आवाज कसा येतो?"